दादांचा आवाज बुरशीच्या तोंडी देऊ नका

चौदा एप्रिलची मिरवणूक आटोपून तीन-चार दिवस झाले होते. वेंगुर्ल्याजवळच्या एका बौद्धवाडीत आम्ही वारस नोंदीच्या कामासाठी गेलो होतो. जुने कागद हवेत म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. सात-बाराचे उतारे, मनिऑर्डरीच्या पावत्या, मुंबईच्या गिरणीचा बिल्ला आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या चार कॅसेटी निघाल्या. एकीवर निळ्या शाईत दोनच शब्द लिहिले होते : 'वामनदादा, मुंबई'. साल नाही, ठिकाण नाही, कोणी भरली त्याचे नाव नाही.

त्या घरातले कर्ते गृहस्थ गिरणी कामगार होते. ते आता हयात नाहीत. ऐंशी पार केलेल्या त्यांच्या पत्नी ओटीवर बसून आमची धडपड पाहत होत्या. सावंतवाडीहून एका जुन्या कारागिराकडून टेप आणली, तिचे हेड स्पिरिटने पुसले आणि धडधडत्या छातीने बटण दाबले. आधी बराच वेळ नुसती खरखर झाली. मग कोणीतरी 'पोरांना गप्प करा' म्हणाले, पेटीने सूर धरला, ढोलकीवर थाप पडली आणि एक रांगडा, मातीतला आवाज ओटीभर झाला. आम्ही सवयीने विचारले, "काकी, खात्री काय? दुसरा कोण गाणारा असेल." म्हातारी ताडकन म्हणाली, "वकिलांनु, ह्यो दादांचोच आवाज! गळो ओळखूक काय चष्मो लागता?"

वाचकहो, त्या दिवशी आमचे वारस नोंदीचे काम राहून गेले. मात्र एका वेगळ्याच वारशाचे काम गळ्यात पडले. त्याबद्दल आज लिहायचे आहे.

लिहिणारा, गाणारा आणि नाव कोरणारा

महाकवी वामनदादा कर्डक यांची ओळख चळवळीच्या वाचकाला करून द्यावी लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. शाळेचा उंबरा ज्यांना लाभला नाही, ते तरुणपणी मुंबईत मजुरी करता करता अक्षर ओळखायला शिकले आणि १९४३ पासून गीते लिहू लागले. पुढची साठ वर्षे हा माणूस गाव, वस्ती, चाळ, विहार असा फिरत राहिला. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे संग्रह निघाले. पण कागदावर आले त्याच्या कितीतरी पट गळ्यातून गळ्यात गेले.

कवी लिहितो, संगीतकार चाल बांधतो आणि गायक गातो, ही प्रस्थापितांच्या संगीताची वाटणी. दादांच्या ठायी हे तिन्ही एकत्र होते. शब्द कुठे तोडायचा, कोणत्या अक्षरावर थाप घ्यायची, कुठे थांबून समोरच्या बायाबापड्यांकडे पाहायचे, हे सारे त्यांच्या गाण्यातच होते. छापील पुस्तकात ते येत नाही. दादांच्या गाण्याचा अर्धा अर्थ कागदावर आहे आणि अर्धा त्यांच्या गळ्यात. गळा गेला तर अर्धा अर्थ गेला असे समजा.

म्हणून या साध्या, घरगुती कॅसेटी आम्हाला मोलाच्या वाटतात. त्यांत बँजो नाही, कीबोर्ड नाही, आवाज घुमवणारे यंत्र नाही. पेटी, ढोलकी, टाळ आणि माणूस, एवढेच. साथ इतकी कमी की शब्द झाकला जात नाही. आजच्या जयंतीत डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते, पण गाणे काय सांगते ते दहा पावलांवर कळत नाही. आमचा तरुणांवर राग नाही. त्यांनी नाचावे, आनंद करावा, तो त्यांचा हक्क आहे. मात्र ज्या शब्दांनी त्यांच्या आजोबांना ताठ उभे केले, ते शब्द एकदा तरी मोकळ्या गळ्यातून ऐकावेत, एवढीच मागणी आहे.

यंत्र कोणासमोर ठेवले गेले?

हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली कलकत्त्यात. त्या काळी गायक भोंग्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढी. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर बोलू-गाऊ लागला. त्याच दशकात भीमराव कर्डक यांच्यासारखे आंबेडकरी जलसाकार पायपीट करत बाबासाहेबांचा विचार वस्त्यांत पोहोचवत होते. यंत्र होते, मुंबईतच होते. पण ते यंत्र किती जलशांपुढे ठेवले गेले? बाजाराने ज्याची किंमत केली त्याचा आवाज तबकडीवर चढला. ज्यांच्याकडे तबकडी विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यांचा आवाज वाऱ्यावर गेला.

ही कोंडी फोडली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत ती आमच्या वाड्यांत पोहोचली. तळकोकणातला बौद्ध माणूस पोटासाठी मुंबईला गेला, चाळीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिला. आधी बोटीने, नंतर एस.टी.ने सुट्टीला गावी येताना चाकरमान्याच्या पिशवीत मुलांना खाऊ असे, आईला लुगडे असे आणि या कॅसेटी असत. कोणीतरी चाळीच्या पटांगणात दादांसमोर टेप ठेवलेली असे. तिची कॉपी, कॉपीची कॉपी करत ती वेंगुर्ल्यापर्यंत येई. कंपनीचा शिक्का नव्हता, जाहिरात नव्हती. आपल्या पैशाने, आपल्या हाताने आपला आवाज जपणारी ती पहिली पिढी. त्या अनाम कामगारांना आमचा मानाचा जयभीम!

आता आमचाच गुन्हा कबूल करतो. आमच्या घरातही अशी एक कॅसेट होती. वडिलांनी ती जपली होती. नव्वदच्या दशकात घरात लग्न निघाले, कोरी कॅसेट मिळेना. आम्ही त्या कॅसेटच्या वरच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर वरातीचा गोंगाट भरून घेतला. तेव्हा आम्ही कायद्याचे पदवीधर होतो. आज ती लावली की वरात ऐकू येते आणि अगदी शेवटी, वरात संपल्यावर, पाव मिनिटभर दादा गातात. तेवढेच उरले आहे. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

गाणे उरते, नाव गळते

कोणी विचारेल, दादांची गाणी तर आजही गायली जातात, मग जुन्या खरखरत्या फितीचा एवढा सोस कशाला?

याला दोन उत्तरे आहेत. पहिले नावाचे. दादा शेवटच्या कडव्यात बहुधा स्वतःचे नाव गुंफत. संतांनी अभंगात नाममुद्रा घातली, तशी ही छाप. चोखोबा, सोयराबाई यांचे विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घालणे आम्ही बावीस प्रतिज्ञांनंतर मागे सोडले. पण एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांनी अभंगात आपली ओळख कोरली, म्हणूनच सहाशे वर्षांनंतर त्या रचना त्यांच्या म्हणून ओळखता येतात. ज्यांनी ओळख कोरली नाही त्यांच्या रचना 'पारंपरिक' या गोणीत भरल्या गेल्या. आज जयंतीच्या मंचावर गाणे लांबते म्हणून पहिल्यांदा शेवटचे कडवे कापले जाते. कडव्याबरोबर 'वामन' कापला जातो. मग पत्रिकेवर गायकाचे नाव, वाद्यवृंदाचे नाव, प्रायोजकाचे नाव असते आणि कवीच्या जागी काहीच नसते. हे बाहेरच्या कोणी केलेले नाही. हे आपल्याच मंचावर होते.

दुसरे उत्तर आशयाचे. गाणे लोकप्रिय होते तेव्हा त्यातली टोकदार कडवी आधी गळतात. अमेरिकेतील लोककवी-गायक वुडी गथ्री याचे उदाहरण बोलके आहे. हा गरिबांचा, बेकारांचा, स्थलांतरित मजुरांचा गायक. नुसत्या गिटारवर आपली गाणी गाई. १९४० साली अ‍ॅलन लोमॅक्स यांनी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्याची गाणी आणि आठवणी मुद्रित केल्या. त्याचे देशभूमीवरचे एक गाणे पुढे शाळाशाळांत गायले गेले. मात्र खासगी मालमत्तेच्या पाटीवर बोट ठेवणारे कडवे त्या गोड पाठात नव्हते. १९४४ साली खुद्द गथ्रीने ते कडवे गायलेले मुद्रण नव्वदच्या दशकात स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात हाती लागले. तेव्हा कवीचा संपूर्ण हेतू त्याच्याच आवाजात जगापुढे आला. फीत जपली होती म्हणून त्या गाण्याचे दात परत मिळाले.

आमचे दादा काही कमी टोकदार नव्हते. बड्या भांडवलदारांची नावे घेऊन संपत्तीच्या वाटपाचा जाब विचारणारे त्यांचे गीत सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांची नुसती स्तुती करून थांबणारा हा कवी नव्हता. बाबासाहेबांच्या माघारी आपण काय करतो आहोत, असे तो आपल्यालाच विचारत असे. मिरवणुकीत स्तुतीची कडवी राहतात आणि जाबाची गळतात. मूळ आवाज जपला तर तो जाबही जपला जाईल.

शाहीर विलास घोगरे यांना आठवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जणांचे बळी गेले. त्या धक्क्यातून १५ जुलैला घोगरेंनी आपले जीवन संपवले. पण त्याआधी बारा वर्षे, १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात आनंद पटवर्धन यांनी घोगरेंचा आवाज टिपून ठेवला होता. पुढे २०११ साली 'जयभीम कॉम्रेड' या माहितीपटातून तो आवाज नव्या पिढीपर्यंत गेला. गळा कायमचा थांबला तरी गाणे थांबले नाही. कोणीतरी वेळेवर यंत्र सुरू केले होते, एवढाच त्याचा अर्थ.

कॅसेट हा पुरावा आहे

आता वकिलाच्या नजरेने पाहू. ध्वनिफीत न्यायालयात चालते का, हा प्रश्न जुना आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली. १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या निवडणुकीच्या प्रकरणात त्यासाठीच्या कसोट्या स्पष्ट झाल्या. आवाज ओळखणारा कोणी हवा. मुद्रण बरोबर आहे हे सिद्ध व्हावे. फितीत फेरफार झालेला नसावा. मजकूर वादाशी संबंधित असावा. फीत मोहोरबंद आणि सुरक्षित ताब्यात असावी. आवाज स्पष्ट ऐकू यावा.

या सहा कसोट्या आमच्या त्या कॅसेटला लावून पाहा. आवाज ओळखणाऱ्या काकी आहेत, पण त्या ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची साक्ष आज लिहून घेतली नाही तर उद्या कोणाची घेणार? मुद्रणाची तारीख नाही, मात्र गाण्यांच्या मध्ये निवेदक नामांतराच्या लढ्यासाठी हाक देतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. म्हणजे फीत त्या सोळा वर्षांतली. असा आतला पुरावा वाचायला शिकले पाहिजे. निवेदकाची हाक, वर्गणीची घोषणा, आलेल्या पाहुण्याचे नाव, हे सारे 'गाणे नाही' म्हणून पुढे ढकलू नका, पुसू तर मुळीच नका.

आणखी एक. कॉपी झाली की मूळ फेकून देण्याची घाई नको. जालना जिल्ह्यातील निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ साधन हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. मूळ ते मूळ.

हक्काचेही पाहू. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. दादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. 'लोकगीत आहे, कोणाचेच नाही' हे म्हणणे कायद्यात टिकत नाही. कलम ५७ कवीला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि रचनेची मोडतोड रोखण्याचा हक्क देते आणि तो हक्क त्याच्या पश्चात वारसांनाही बजावता येतो. मात्र कायद्याचे नाव काढून आम्ही गाण्याला कुलूप लावत नाही. विहारात, जयंतीत, पैसे न घेता हौसेने गाणाऱ्याला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. खुद्द दादांच्या लेखणीची सुरुवातही गाजलेल्या चालीवर शब्द बसवण्यातून झाली. गाणे गात राहा, नाव घेत राहा. आमचे भांडण गाणाऱ्याशी नाही, ते नाव पुसून पैसा करणाऱ्याशी आहे.

त्याच कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवू शकते. आपल्या कित्येक विहारांत वाचनालये आहेत. त्यांनी घरोघरच्या कॅसेटी रीतसर पावती देऊन दाखल करून घेतल्या, तर ते जतन कायद्याला धरून होते.

आपली संगीती

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. उपालीने विनय सांगितला, आनंदाने सुत्ते सांगितली. परंपरा सांगते की प्रत्येक सुत्ताच्या वेळी महाकस्सपाने आनंदाला विचारले : हे कुठे सांगितले, कोणाला उद्देशून सांगितले? म्हणूनच प्रत्येक सुत्ताच्या आरंभी स्थळ येते, ऐकणारे येतात. हा धम्म लिहून काढला गेला तो त्यानंतर काही शतकांनी, श्रीलंकेत. तोवर तो कंठात राहिला आणि नीट राहिला, कारण साक्षीची शिस्त होती. संगीती म्हणजे एकत्र बसून म्हणणे, पडताळणे. न्यायालयाच्या कसोट्या आणि महाकस्सपाचे प्रश्न यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

महाराष्ट्रात अशी शिस्त दाखवून दिलेली आहे. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. जिचे नाव सात-बारावरही नव्हते, तिचे नाव ओवीवर आले. हे दादांसाठी आपण का करू नये?

काम अवघड नाही. घरातली कॅसेट शोधा. वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडा, म्हणजे तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. कपाटात, लोहचुंबक आणि स्पीकर यांपासून दूर, उभी ठेवा. कॉपी करताना एमपी-थ्री नव्हे, वेव्ह फाइल करा. खरखर काढण्याच्या नादाने दादांचा श्वास काढून टाकू नका. तीन प्रती तीन घरांत ठेवा. आणि सोबत एक कागद : फीत कोणाच्या घरची, कोणी भरली, कोणत्या चाळीत, कोणत्या सालाच्या आसपास, आवाज कोणी ओळखला. त्याखाली ओळखणाऱ्याची सही किंवा अंगठा.

कोकणात या कामाला मुदत आहे. १५ मे हा दादांचा स्मृतिदिन. त्यानंतर तीन आठवड्यांत मिरग लागतो. मग चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे फितीची काय कथा! म्हणून आम्ही ठरवले आहे की यंदाचा स्मृतिदिन नुसत्या हारतुऱ्यांनी करायचा नाही. प्रत्येकाने घरची कॅसेट घेऊन विहारात यायचे, म्हाताऱ्या माणसांना पुढच्या रांगेत बसवायचे, एकेक फीत लावायची आणि विचारायचे : हे कुठे गायले, कोणासमोर गायले? शेवटचे कडवे न कापता ऐकायचे.

त्या दिवशी निघताना काकींनी कॅसेट आमच्या हातात दिली नाही. त्यांनी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "कॉपी करा, पन ही हयच रवतली." कॉपी त्यांच्या ओटीवरच झाली. शेवटी कागदावर त्यांनी थरथरत्या हाताने स्वतःचे नाव लिहिले. प्रौढांच्या रात्रशाळेत शिकलेली सही. तिच्या शेजारी आम्ही साक्षीदार म्हणून आमची सही केली.

जयभीम!